तरीवरचे पाणी आणि पेनिकीसचे बेट



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी मला एकदा निरुत्तर केले होते. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाला फार उशिरा दिलेले उत्तर आहे. मी या शाळेत नुकताच विज्ञानशिक्षक म्हणून रुजू झालो होतो. नववीच्या वर्गात समुद्राच्या पाण्याची क्षारता शिकवीत होतो. दर हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार, असे फळ्यावर लिहून मी त्याखाली दोन रेघा ओढल्या. गुरुजी संस्कृत शिकवीत. त्यांचा तो तास मोकळा असावा. व्हरांड्यातून जाताना ते क्षणभर दाराशी थांबले होते हे मला मधल्या सुटीत समजले. चहाचा पेला हातात घेऊन त्यांनी अगदी निरागसपणे विचारले, "मास्तर, तो पस्तीसचा आकडा कुठल्या पाण्याचा? आपल्या तरीवरच्या पाण्याचा का? नाही, मी रोज तरीने येतो. चैत्र-वैशाखात हात बुडविला तर वाळल्यावर कातडीवर मीठ दिसते. श्रावणात दिसत नाही. म्हणून विचारले." मी म्हणालो, "पुस्तकात तेवढेच दिले आहे." गुरुजी हसले नाहीत. नुसते "बरे" म्हणाले आणि तासावर गेले.

ते "बरे" मला अनेक वर्षे टोचत राहिले. मांडवीच्या काठी शाळा, वर्गातली निम्मी मुले खाजनाच्या बांधावरून चालत येणारी. भरतीला मानशीची दारे कशी आपोआप मिटतात आणि ओहोटीला कशी उघडतात हे त्यांना चालता येऊ लागल्यापासून ठाऊक. आणि त्यांना खाऱ्या-गोड्या पाण्याची गोष्ट सांगणाऱ्या मी त्या पाण्याची एक बाटलीही कधी वर्गात आणली नव्हती. याहून विचित्र म्हणजे, तर ओलांडून बस धरली की तासाभरात पोहोचावे इतक्या अंतरावर, दोनापावलाच्या टेकडीवर, याच पाण्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी होती. तेथील शास्त्रज्ञांना आमच्या शाळेचे नाव ठाऊक नव्हते, आणि आम्हांला त्यांच्या दारात जाण्याचे धैर्य नव्हते.

पाण्याचे शास्त्र जाणणारा आणि पाण्याकाठी मुलांना शिकविणारा, या दोघांची गाठ कधी कोणी घालून दिली होती काय, याचा शोध घेता घेता मी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका लहानशा बेटावर जाऊन पोहोचलो. पुस्तकांतून, अर्थात. त्या बेटाचे नाव पेनिकीस. तेथील हकीकत दूरची असली तरी तिचा एक धागा आपल्या दोनापावलापर्यंत येतो, तो पुढे दाखवीन.

या हकीकतीचा नायक लुई अगासी. १८०७ साली स्वित्झर्लंडमध्ये एका सरोवराच्या काठच्या गावी त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी नाव मिळविले ते माशांच्या अभ्यासावर: प्रथम ब्राझीलच्या नद्यांतील मासे, मग मध्य युरोपातील गोड्या पाण्याचे मासे, आणि मग खडकांत सापडणारे माशांचे जीवाश्म. पृथ्वीचा मोठा भाग एकेकाळी हिमाच्छादित होता हा विचार १८३७ साली विद्वानांच्या सभेत ठामपणे मांडला तोही त्यांनीच. १८४६ साली ते अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेले आणि तेथेच राहिले. पुढील वर्षी हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच १८४७ साली, ज्याचे नाव आपल्याकडे महात्माजींमुळे घरोघर पोहोचले तो हेन्री थोरो आपल्या वॉल्डन तळ्यातील मासे आणि कासवे पकडून त्यांच्याकडे पाठवीत होता. थोरोही काही वर्षे शाळा चालविलेला शिक्षक होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात नसते.

१८४८च्या उन्हाळ्यात अगासी विद्यार्थ्यांसह सुपीरियर सरोवराच्या उत्तर किनाऱ्याने होड्यांतून फिरले. सरोवर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तळे येते, म्हणून सांगतो: याचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या गोव्यासारखे वीसहून अधिक प्रदेश त्यात मावतील. सुपीरियर धरून उत्तर अमेरिकेची जी पाच महासरोवरे आहेत त्यांत पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा साठलेला आहे. या सफरीत अगासींनी बरोबर एक फळा घेतला होता. रंग दिलेले कापड, गुंडाळता येणारे. मुक्काम पडला की ते उलगडायचे, दिवसभरात सापडलेला मासा, दगड, वनस्पती समोर ठेवायची आणि त्याच जागी शिकवायचे. मला या माणसाविषयी पहिली आपुलकी वाटली ती या गुंडाळीच्या फळ्यामुळे.

त्यांच्या घरातही शाळा होती. संसाराला पैसा कमी पडू लागला तेव्हा त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १८५५ साली राहत्या घरात मुलींची शाळा काढली. ती आठ वर्षे चालली, आणि विद्यापीठातला हा नामांकित प्राध्यापक रोज त्या मुलींना निसर्गशास्त्र शिकवीत असे. एलिझाबेथबाई पुढे रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. ही शाळा नसती तर पेनिकीस झाले असते की नाही याची मला शंका आहे. मोठ्या विद्वानाला लहान मुलांसमोर उभे राहावे लागणे यासारखे दुसरे शिक्षण नाही.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. अगासींनी डार्विनचा उत्क्रांतिवाद अखेरपर्यंत मानला नाही. तो हट्ट म्हणून सोडून देता येईल. पण मानववंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले आणि ते समान नाहीत, असे जे मत त्यांनी विद्वत्तेच्या अधिकाराने मांडले त्याचा उपयोग गुलामगिरीच्या समर्थकांनी करून घेतला. त्याला क्षमा नाही. ज्याने दुसऱ्यांना पाहावयास शिकविले त्याला स्वतःला समोरचा माणूस दिसला नाही. शिक्षक म्हणून त्यांचे मोठेपण मी सांगणार आहे ते ही नोंद करून.

आता त्यांच्या शिकविण्याची तऱ्हा. सॅम्युएल स्कडर नावाचा एक तरुण कीटकशास्त्र शिकण्याच्या इच्छेने त्यांच्याकडे आला. पुढे तो मोठा कीटकतज्ज्ञ झाला आणि १८७४ साली त्याने ही आठवण लिहून ठेवली. अगासींनी त्याला मद्यार्कात ठेवलेला एक मासा काढून दिला. तो आपल्याकडील करकऱ्याच्या कुळातला. पत्र्याच्या तबकात तो ठेवायचा, कोरडा पडू द्यायचा नाही आणि पाहायचा, एवढेच सांगून ते निघून गेले. स्कडरला वाटले, दहा मिनिटांत सारे पाहून झाले. गुरू मात्र कुठे सापडेनात. अर्धा तास गेला, एक तास गेला. मासा उलटा केला, सुलटा केला. घशात बोट घालून दातांची धार पाहिली. खवल्यांच्या रांगा मोजून झाल्या. शेवटी कंटाळून त्याने पेन्सिलीने चित्र काढावयास घेतले, आणि तेव्हा त्याला आश्चर्य वाटले की, हे मघाशी दिसले नव्हते. गुरू आले, सारे ऐकून घेतले आणि म्हणाले की, तुम्ही नीट पाहिलेच नाही, डोळ्यांपुढची सर्वांत ठळक गोष्ट तुम्हांला दिसलेली नाही. दिवस संपला. रात्रभर स्कडर त्या माशाचा विचार करीत तळमळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भीतभीत विचारले, "माशाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, अवयव जोडीजोडीने आहेत, हेच का ते?" गुरू प्रसन्न झाले. "मग आता पुढे काय करू?" "मासा पाहा!" तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी त्याच कुळातला दुसरा मासा पहिल्याशेजारी ठेवण्यात आला.

ही गोष्ट मी अनेकदा वर्गात सांगितली आहे. मुले हसतात. शिक्षकांच्या शिबिरात सांगितली की मात्र कोणी हसत नाही. अभ्यासक्रम केव्हा पुरा करायचा, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उमटतो. तो प्रश्न खोटा नाही.

समुद्रकिनारी शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग काढावा ही कल्पना अगासींचे शिष्य नथानिएल शेलर यांची. १८७३ साली मार्च महिन्यात राज्याच्या विधिमंडळातील मंडळी अगासींचे संग्रहालय पाहावयास आली असता अगासींनी या कल्पनेविषयी कळकळीने भाषण केले. ते न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आले, आणि जॉन अँडरसन नावाच्या तंबाखूच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याने ते वाचले. ओळख ना देख, त्याने बझर्ड्स उपसागरातील आपले पेनिकीस बेट तेथील इमारतींसह आणि वर पन्नास हजार डॉलर या शाळेसाठी देऊ केले. आपल्याकडील शाळांचा इतिहास जाणणाऱ्यांना दात्यांच्या अशा लहरी अपरिचित नाहीत. मात्र त्या लहरी जितक्या अकस्मात येतात तितक्याच अकस्मात ओसरतात, हेही आपण जाणतो.

बेट सुमारे पाऊणशे एकरांचे, वाऱ्याने झोडपलेले, झाडझाडोरा बेताचाच. ८ जुलै १८७३ हा शाळा उघडण्याचा दिवस ठरला होता. त्याच्या तीन-चार दिवस आधी अगासी तेथे पोहोचले तेव्हा वसतिगृहाचे काम पुरे व्हावयाचे होते, आणि शनिवारची संध्याकाळ झाल्याने सुतार काम थांबवून घरी निघाले होते. रविवारी काम करणे त्या धर्मनिष्ठ प्रदेशात अशक्यप्राय. अगासींनी सुतारांना गोळा करून सांगितले की, यात कोणाच्या नफ्याचा प्रश्न नाही, हे शिक्षणाचे काम आहे. सर्वांनी रविवारी काम केले. तरीही शाळा उघडली त्या दिवशी पुरुषांचे आणि स्त्रियांचे निवास वेगळे करणारी पडदीदेखील पुरी झाली नव्हती. पाहुण्यांची आणि विद्यार्थ्यांची पहिली सभा मेंढ्यांच्या जुन्या कोठारात भरली. वर आढ्याला पाकोळ्यांची घरटी होती, आणि सभा चालू असताना त्या आतबाहेर करीत होत्या असे वर्णन आहे. अगासींनी कोणा धर्मगुरूला न बोलाविता सर्वांना काही क्षण मूकपणे प्रार्थना करावयास सांगितले. त्या क्षणावर कवी व्हिटियर यांनी पुढे कविता लिहिली.

समोर बसलेले विद्यार्थी सुमारे पन्नास, आणि ते बहुतेक सारे शिक्षक! शाळांतले, प्रशिक्षण विद्यालयांतले, लहान महाविद्यालयांतले. त्यांत स्त्रियांची संख्या लक्षात येण्याजोगी होती. १८७३ सालची ही गोष्ट आहे, जेव्हा हार्वर्डची दारे स्त्रियांना बंद होती. दिवसाचा क्रम असा की, सकाळी होडीतून जाऊन समुद्राचा तळ खरवडणारे जाळे ओढायचे, ओहोटीला खडकांतून फिरायचे, जे हाती लागेल ते पाण्याच्या भांड्यांत जिवंत आणायचे, कापून पाहायचे, चित्र काढायचे. व्याख्याने होत, पण त्यांचा विषय पुष्कळदा त्या दिवशी काय सापडले यावर ठरे. पाठ्यपुस्तकांना जवळजवळ मज्जाव होता. पुस्तक नव्हे, निसर्ग वाचा, अशा अर्थाचा फलक तेथे लावलेला असे. खोल समुद्राचा तळ खरवडण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता ते पूर्ताले, कीटक आणि कवचधारी प्राण्यांचे जाणकार पॅकार्ड, शरीररचनेचे वाइल्डर, भूगोलाचे गियो अशी तज्ज्ञ मंडळी त्या शिक्षकांबरोबर एकाच पंक्तीला जेवत, आणि एकाच होडीत भिजत. माझ्या मते पेनिकीसचे मर्म या "एकाच होडीत" मध्ये आहे. शास्त्रज्ञ व्यासपीठावर आणि शिक्षक खुर्चीत अशी मांडणी तेथे नव्हती. जाळ्यात काय येणार हे दोघांनाही आधी ठाऊक नसे.

हा सुयोग एकच उन्हाळा टिकला. थकलेले अगासी १४ डिसेंबर १८७३ रोजी वारले. पुढच्या आठवड्यातच त्यांचे पुत्र अलेक्झांडर यांची पत्नी वारली. या दुहेरी आघातातून उठून अलेक्झांडर यांनी १८७४च्या उन्हाळ्यात शाळा पुन्हा भरविली. पण खर्च भागेना, दात्याशी संबंध पहिल्यासारखे राहिले नाहीत, शिक्षण खात्यांकडे मदत मागितली तिला पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. शाळा बंद पडली. पुढे १९०५ ते १९२१ या काळात त्या बेटावर कुष्ठरोग्यांचे रुग्णालय होते.

दोन उन्हाळे चाललेल्या शाळेला इतिहासात स्थान काय? याचे उत्तर त्या कोठारात बसलेल्या शिक्षकांच्या पुढील आयुष्यात शोधावे लागते.

त्यांत बावीस वर्षांचा डेव्हिड स्टार जॉर्डन होता. इलिनॉयमधील एका लहान महाविद्यालयात तो एक वर्ष शिकवून आला होता. पेनिकीसनंतर, १८७४ साली, तो इंडियानापोलिस येथील माध्यमिक शाळेत विज्ञानशिक्षक झाला. तेथे जवळ समुद्र नाही. पण ओढे आहेत, आणि ओढ्यांत मासे आहेत. पेनिकीसला समुद्राकाठी जे शिकले ते त्याने नदीनाल्यांना लावले, आणि मुलांना घेऊन मासे गोळा केले. त्या मुलांत चार्ल्स गिल्बर्ट नावाचा एक शाळकरी मुलगा होता. हा मास्तर आणि हा मुलगा यांनी मिळून १८८२ साली उत्तर अमेरिकेतील माशांचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. गिल्बर्टचा पुढचा अभ्यास पॅसिफिक किनाऱ्यावरील सामन माशांचा. हे मासे नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि प्रजननासाठी पुन्हा नदीत परततात. खवल्यांवरील वलयांवरून त्यांचे वय आणि प्रवास वाचण्याची पद्धत त्याने रुजविली. म्हणजे गोडे पाणी आणि खारे पाणी या दोन शास्त्रांच्या सीमेवरचा हा अभ्यास एका शाळेच्या वर्गातून निघाला. जॉर्डन पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. वंशशुद्धीच्या अशास्त्रीय चळवळीचाही तो पुरस्कर्ता झाला. गुरूचा एक दोष शिष्याकडे वेगळ्या रूपाने गेला म्हणावयाचा. जाता जाता एक सांगतो: त्याची पत्नी सुझन बोवेन हीही शिक्षिका, आणि त्यांची ओळख पेनिकीसलाच झाली.

चार्ल्स व्हिटमन हा बॉस्टनमधील माध्यमिक शाळेचा शिक्षक. तो दोन्ही उन्हाळे तेथे होता. मग नोकरी सोडून जर्मनीत गेला, डॉक्टर होऊन आला, काही काळ टोकिओ विद्यापीठात शिकविले. कॉर्नेलिया क्लॅप ही माउंट होल्योक येथे मुलींना गणित आणि व्यायाम शिकविणारी बाई १८७४ साली पेनिकीसला गेली आणि प्राणिशास्त्राची होऊन परतली. पेनिकीसचा धडा डोळ्यांसमोर ठेवून अगासींचे आणखी एक शिष्य अल्फियस हायट यांनी १८८१ साली अॅनिस्क्वाम या किनारी गावी शिक्षकांसाठी प्रयोगशाळा काढली. तिला पाठबळ होते ते बॉस्टनच्या एका स्त्रीशिक्षण मंडळाचे. तीच पुढे सरकत १८८८ साली वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळा झाली, आणि तिचा पहिला संचालक म्हणून निवड झाली चार्ल्स व्हिटमनची. पहिल्याच सत्रात कॉर्नेलियाबाई तेथे काम करीत होत्या. त्या पुढे अनेक वर्षे तेथे येत राहिल्या, विश्वस्तही झाल्या.

वुड्स होलची प्रयोगशाळा आज जगद्विख्यात आहे. पण तिच्या यशात आपल्या दृष्टीने एक हानी दडलेली आहे. आरंभी तेथे येणाऱ्यांत शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांचा भरणा होता. जसजसे संशोधन वाढले तसतशी बाके संशोधकांनी व्यापली, आणि शाळामास्तर हळूहळू मागे सरत दाराबाहेर गेला. कोणी त्याला घालविले नाही. संशोधनाचे मोजमाप शोधनिबंधांनी होते, शिक्षकाला दिलेल्या उन्हाळ्याची नोंद कुठल्याच खतावणीत होत नाही. एवढे कारण पुरे झाले.

सरोवरांच्या शास्त्राचेही काहीसे असेच. विस्कॉन्सिनच्या सरोवरांचा पुढे आयुष्यभर अभ्यास करणारे एडवर्ड बर्ज हे १८७३ साली अगासींकडेच शिकावयास गेले होते. गुरू काही महिन्यांतच गेले. इलिनॉयचे स्टीफन फोर्ब्स यांचे काम शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठाच्या गावी, नॉर्मल येथे, वाढले. सरोवर हे स्वतःपुरते एक छोटे जग आहे, त्यातील एका जिवाला समजून घ्यावयाचे तर साऱ्यांना समजून घ्यावे लागते, हा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्यांनी १८८७ साली कुठल्या विद्यापीठात नव्हे, पिओरिया या गावच्या हौशी विज्ञानमंडळात वाचला. शास्त्र तरुण असते तेव्हा त्याला गावकऱ्यांची संगत चालते.

आता तो दोनापावलाचा धागा. अलेक्झांडर अगासी यांनी सुपीरियर सरोवराकाठच्या तांब्याच्या खाणींतून अमाप संपत्ती मिळविली, आणि ती समुद्रसंशोधनावर खर्च केली. १९०१-०२ साली ते प्रवाळबेटांच्या अभ्यासासाठी आपल्या हिंदी महासागरात मालदीवला आले, तेव्हा बरोबर हेन्री बिगेलो हा तरुण विद्यार्थी होता. १९३० साली वुड्स होल येथे खुद्द समुद्रविज्ञानासाठी वेगळी संस्था निघाली, तिचे पहिले संचालक हेच बिगेलो. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. सुमारे चाळीस जहाजांनी तीत भाग घेतला. भारतीय नौदलाचे "किस्तना" हे त्यांपैकी एक, आणि अमेरिकेचे "अँटन ब्रून" हे दुसरे. हे "अँटन ब्रून" पूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या वापरातील नौका होती, आणि तिच्या हिंदी महासागरातील जीवशास्त्रीय कार्यक्रमाचे नियोजन वुड्स होलच्या शास्त्रज्ञांकडे होते. मोहिमेत जमलेल्या प्लवकांची वर्गवारी कोचीनच्या केंद्रात झाली. या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. डॉ. पणिक्कर तिचे पहिले संचालक. तिचे मुख्य ठाणे पुढे गोव्यात आले. १९८१ साली ६ डिसेंबरला पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली.

म्हणजे पेनिकीसच्या कोठारातून निघालेली वंशावळ, गुरूकडून शिष्याकडे, संस्थेकडून संस्थेकडे येत, आमच्या तरीपासून तासाभराच्या वाटेवर येऊन पोहोचली होती. जहाजे आली, उपकरणे आली, शास्त्रज्ञ आले. या प्रवासात एकच माणूस मागे राहिला. ज्याच्यासाठी मुळात बेट मागितले होते तो शाळामास्तर.

त्याला पुन्हा होडीत घेण्याचा प्रयत्न अमेरिकेत अलीकडे झाला तोही सांगितला पाहिजे. तेथील राष्ट्रीय शालेय विज्ञानाच्या १९९६च्या आराखड्यात समुद्राला जेमतेम स्थान मिळाले होते. त्यावर अस्वस्थ होऊन शास्त्रज्ञ आणि शिक्षक एकत्र बसले, आणि समुद्राविषयी प्रत्येकाला ठाऊक असावीत अशी सात मूलतत्त्वे त्यांनी २००५ साली लिहून काढली. त्याच सुमारास सागरविज्ञान-शिक्षणाच्या केंद्रांचे जे जाळे सरकारी विज्ञाननिधीतून उभे राहत होते, त्यांत महासरोवरांसाठीही एक केंद्र निघाले. समुद्राच्या योजनेत गोड्या पाण्याला जागा का, असे विचारणारे असणारच. पण महासरोवरांना लाटा आहेत, वादळे आहेत, प्रवाह आहेत, आणि त्यांचे पाणी अखेर सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिकला मिळते. या केंद्राने शास्त्रज्ञांच्या संशोधनजहाजावर, "लेक गार्डियन"वर, शिक्षकांना आठवडाभर नेण्यास आरंभ केला. शिक्षकांनी पाहुणे म्हणून बसायचे नाही. पाळीने उठायचे, बाटल्या खाली सोडायच्या, प्लवक गाळायचे, तळाचा गाळ चाळायचा, आकडे लिहायचे. मग तीच नोंदवही घेऊन वर्गात जायचे. पुढे तत्त्वे सरोवरांसाठीही लिहिली गेली, ती आठ. त्या केंद्राचा निधी मुदतीनंतर संपला. काम दुसऱ्या नावाने पुढे चालले. म्हणजे अँडरसनच्या पन्नास हजार डॉलरांचा प्रश्न तेथेही कायमचा सुटलेला नाही. फरक एवढाच की, या वेळी काम एका माणसाच्या श्वासावर अवलंबून नव्हते.

आपल्याकडे संशोधनसंस्था खुला दिवस पाळतात, मुले रांगेने जातात, काचेच्या पेटीतले मासे पाहतात, वडा-पाव खाऊन परततात. मी स्वतः अशा सहली नेल्या आहेत आणि त्यांना नावे ठेवणार नाही. पण तेथे शास्त्रज्ञ दाखवितो आणि मूल पाहते. दोघे मिळून काही शोधीत नाहीत.

एकदाच, ऐंशीनंतरच्या दशकात, आमच्या शाळेला ते भाग्य लाभले. एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीने दोनापावलाहून एक तरुण शास्त्रज्ञ आले. व्याख्यान देण्यासाठी आले होते. वीज गेली, चित्रे दाखविता येईनात, म्हणून मी धीर करून म्हटले, "तरीवर चलता का?" आषाढ होता. नदी फुगून तांबूस झाली होती. धक्क्यावरून बादलीने काढलेले पाणी त्यांनी तपासले, तर क्षार जवळजवळ नाहीतच. मुलांना वाटले, झाले, गुरुजींचे म्हणणे खरे, पावसाळ्यात नदी गोडी. तेवढ्यात मासेमारी करणाऱ्या घरातला, वर्गात मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा कोंकणीत पुटपुटला की, हे वरचे पाणी, खालचे नव्हे. शास्त्रज्ञांनी त्याला पुढे बोलाविले. तो लाजत म्हणाला, बापाची खालची जाळी भरतीला वर काढली की या दिवसांतही हात खारट होतात.

शास्त्रज्ञांनी हे वहीत लिहून घेतले. माझ्या हयातीत, माझ्या वर्गातल्या मुलाचे बोलणे एखाद्या मोठ्या माणसाने लिहून घेतलेले मी प्रथमच पाहिले. मग त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली आणि ती बाटली त्या मुलाच्या हाती दिली. भरती लागली होती. बाटली तळाशी टेकल्यावर त्याने बुचाची दोरी ओढली. वर आलेले पाणी प्रत्येकाने बोट बुडवून चाखले. गुरुजी तेव्हा सेवानिवृत्त झाले होते, पण तरीवर त्यांचे येणे-जाणे चालू होते, आणि त्या दिवशी ते योगायोगाने धक्क्यावर उभे होते. मी बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तळहातावर चार थेंब घेतले, जिभेला लावले आणि मला म्हणाले, "मास्तर, आता याचा आकडा काढा."